बी. एड. प्रवेश-अर्जातील 'मी' आणि मराठी आत्मकथनातील 'मी' : एक तौलनिक वाचन

सारांश

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराची विद्यापीठाशी पहिली गाठ पडते ती प्रवेश-अर्जाच्या रूपाने. हा अर्ज केवळ प्रशासकीय कागद नसून उमेदवाराचे एक विशिष्ट चित्र घडविणारी संहिता आहे, असे गृहीत धरून प्रस्तुत लेखात त्याचे वाचन केले आहे. अर्जातील नाव, शैक्षणिक खंड, जात आणि अभियोग्यता या चार रकान्यांशेजारी 'अक्करमाशी', 'अंतःस्फोट', 'झोंबी', 'बनगरवाडी' या साहित्यकृती आणि महात्मा फुले यांचे १८८२ चे हंटर आयोगापुढील निवेदन ठेवून पाहिले आहे. उमेदवार कोठून आला हे अर्ज बारकाईने विचारतो. तो शिकविण्याकडे का आला हे मात्र विचारत नाही, असा निष्कर्ष यातून निघतो. ही उणीव गुणवत्ता यादीत ढवळाढवळ न करता कशी भरून काढता येईल, याचा विचार शेवटी केला आहे.

बीजशब्द : शिक्षणशास्त्र, प्रवेश-अर्ज, आत्मकथन, दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, शिक्षक-प्रशिक्षण.

१. प्रास्ताविक

कारेगाव हे शिरूर तालुक्यातील, पुणे-अहिल्यानगर मार्गावरचे आणि रांजणगाव औद्योगिक वसाहतीला लागून असलेले गाव. वसाहत आल्यानंतर या परिसराचे रूप पालटले. शेतांच्या कडेने भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि मराठवाडा, विदर्भ तसेच परप्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे त्यांत राहू लागली. परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींमध्ये या कुटुंबांतील मुलींची संख्या लक्षणीय आहे. त्यांपैकी अनेकजणी घरातील पहिल्या पदवीधर असतात आणि पदवीनंतर त्यांच्यापुढे जे मोजके मार्ग दिसतात त्यांत बी. एड. हा एक असतो.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक माजी विद्यार्थिनी अर्ज भरण्यासाठी मदत मागायला आली. बारावीनंतर तिने तीन वर्षे एका कारखान्यात पॅकिंगच्या विभागात काम केले होते. त्याच काळात संध्याकाळी ती खोलीसमोरच्या ओट्यावर शेजारच्या मुलांना शिकवीत असे. ही मुले हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या घरांतील, शाळा मात्र मराठी माध्यमाची. पुढे तिचे लग्न झाले आणि पदवी तिने सासरी राहून पूर्ण केली. अर्ज जवळजवळ भरून झाल्यावर तिने विचारले, "मॅडम, मी पोरांना शिकवत होते ते यात कुठं लिहायचं?" आम्ही पडद्यावरील सर्व पाने पुन्हा चाळली. ते लिहिण्याजोगा रकाना त्यात नव्हता.

प्रस्तुत लेखाचा उगम या प्रश्नात आहे. लेखिका मराठीची अध्यापक असल्याने तिने या अर्जाकडे संहिता म्हणून पाहिले आहे. शिक्षणशास्त्राच्या प्रवेशपद्धतीचे सर्वांगीण मूल्यमापन करणे हा या लेखाचा हेतू नाही. अर्ज कोणता 'मी' घडवितो, मराठी साहित्याने तोच 'मी' कसा मांडला आणि या दोहोंतील अंतर शिक्षक घडविण्याच्या दृष्टीने का महत्त्वाचे आहे, एवढ्याच प्रश्नांपुरती चर्चेची मर्यादा आखून घेतली आहे.

२. अर्ज : एक संहिता

आज महाराष्ट्रात शिक्षणशास्त्राच्या पदवीकडे जाणारी प्रमुख दारे दोन आहेत. पहिले नियमित दोन वर्षांच्या बी. एड. चे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर हा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला. त्याचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. आधी परीक्षेसाठी नोंदणी, मग परीक्षा, मग केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी पुन्हा नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, महाविद्यालयांचे पसंतीक्रम आणि प्रवेश-फेऱ्या असा हा क्रम आहे. दुसरे दार मुक्त विद्यापीठाचे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेने सेवेतील हजारो शिक्षकांना बी. एड. पर्यंत नेले. मात्र २०१४ च्या विनियमांनुसार दूरशिक्षणाने बी. एड. करण्यासाठी उमेदवार प्राथमिक स्तरावरील सेवेत असलेला प्रशिक्षित शिक्षक असावा लागतो किंवा त्याने मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात हजर राहून पूर्ण केलेला असावा लागतो. ओट्यावर शिकविणाऱ्या मुलीसाठी हे दुसरे दार उघडत नाही. तिला पहिल्याच दाराने यावे लागते.

या पहिल्या दाराशी जी कागदपत्रे लागतात त्यांची यादी एखाद्या चरित्राच्या अनुक्रमणिकेसारखी आहे. दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, शाळा वा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र. राखीव प्रवर्गातील उमेदवारासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि प्रवर्गानुसार नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र. नावात बदल असल्यास राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र. शिक्षणात खंड असल्यास त्याविषयीचे प्रतिज्ञापत्र. जन्म, गाव, कुळ, विवाह, शिक्षण असे आयुष्याचे सारे टप्पे या यादीत येतात.

आत्मकथनातही हेच टप्पे येतात. फरक कथनाच्या स्वरूपात आहे. आत्मकथनात घटना एकमेकींना कारण म्हणून जोडलेल्या असतात. अर्जात त्या सुट्या असतात आणि प्रत्येकीसाठी कोणा तिसऱ्याची सही व शिक्का लागतो. आत्मकथनाचा निवेदक स्वतःच्या वतीने बोलतो. अर्जाच्या निवेदकाला स्वतःविषयी एकही वाक्य दुसऱ्याच्या साक्षीवाचून बोलता येत नाही. या दृष्टीने अर्जाचे वर्णन 'निवेदकाविना असलेले चरित्र' असे करता येईल.

३. नावाचा रकाना

अर्जातील पहिला रकाना नावाचा. वरवर पाहता तो सर्वांत सोपा. परंतु १९८० नंतरच्या मराठी आत्मकथनांनी या रकान्यातील ताण जितका उघड केला तितका अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकाराने केलेला नाही.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये शाळेत वडिलांचे नाव काय लावायचे हा प्रश्न निवेदकाच्या साऱ्या आयुष्याला व्यापून राहतो. आई दलित, जन्मदाता गावचा पाटील आणि ज्यांच्या आधाराने आजी राहते ते आजोबा मुसलमान. अशा मुलाची ओळख कागदावर कोणत्या शब्दांत मांडायची? आर्थिक सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही घ्यायची वेळ येते तेव्हा हा पेच केवळ मानसिक राहत नाही, तो व्यावहारिक होतो. ओळख सांगता आली नाही तर सही नाही, आणि सही नाही तर सवलत नाही. या प्रसंगाचे मर्म असे की, येथे जातिव्यवस्था शिवीगाळीच्या किंवा मारहाणीच्या रूपात समोर येत नाही. ती एका मोकळ्या रकान्याच्या रूपात समोर येते. लिंबाळे यांनी पुढे याच मुक्त विद्यापीठात प्राध्यापक आणि विभागीय संचालक म्हणून काम केले, ही बाब येथे नोंदविण्याजोगी आहे. अर्जावरील एका सहीसाठी अडलेला विद्यार्थी पुढे असंख्य अर्ज स्वीकारणाऱ्या संस्थेचा भाग झाला.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) मध्ये याच रकान्याला दिलेले उत्तर थेट लेखकाच्या नावातच वाचावयास मिळते. वडिलांच्या जागी आईचे नाव लावणे ही तेथे वैचारिक भूमिका म्हणून सुरू झालेली गोष्ट नाही. दुसरे नाव उपलब्ध नव्हते म्हणून ते लागले आणि नंतर ते अभिमानाने मिरविले गेले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव लावणे बंधनकारक केले. साहित्याने मांडलेला प्रश्न प्रशासनाच्या रकान्यापर्यंत पोहोचण्यास तीस वर्षे लागली, असे या दोन घटना शेजारी ठेवल्यास दिसून येते.

स्त्री-उमेदवाराच्या बाबतीत हा रकाना आणखी गुंतागुंतीचा होतो. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) मधील संस्कृत शिक्षणाची कहाणी या संदर्भात मुळातून वाचण्यासारखी आहे. संस्कृत विषयात एम. ए. झालेली दलित तरुणी अध्यापकाच्या जागेसाठी प्रयत्न करते, मुलाखतींना जाते आणि पात्रता असूनही रिकाम्या हाताने परत येते. आंतरजातीय विवाहानंतर तिचे आडनाव बदलते आणि त्यानंतर तिला शासकीय महाविद्यालयात संस्कृत शिकविण्याची संधी मिळते. हे श्रेय माहेरच्या 'सोमकुंवर' या आडनावाला नव्हे तर सासरच्या 'पावडे' या आडनावाला जाते, ही लेखिकेची कडवट जाणीव त्या लेखनाचा गाभा आहे. पदवी तीच, व्यासंग तोच. बदलला तो केवळ नावाचा रकाना.

पावडे यांचा अनुभव जातीचा आहे आणि त्याची तुलना इतर कशाशी सरसकट करता येणार नाही, याचे भान ठेवूनच पुढील निरीक्षण नोंदविते. विवाहित विद्यार्थिनींच्या अर्जांत आजही सर्वाधिक अडचण नावाचीच येते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, पदवी सासरच्या नावाची आणि आधारपत्रावर तिसरीच जुळणी. प्रस्तुत लेखिकेची स्वतःची एम. फिल. ची पदवी माहेरच्या नावाने आहे आणि प्रत्येक पडताळणीत त्याचा खुलासा जोडावा लागतो. पुरुष सहकाऱ्यांपैकी कोणाला असा खुलासा कधी द्यावा लागल्याचे ऐकिवात नाही. प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या विवाहाची नोंदणीच झालेली नव्हती. ती करून घेऊन प्रमाणपत्र हाती येईपर्यंत त्या वर्षीच्या पडताळणीची मुदत उलटली. सामाईक परीक्षेत तिला चांगले गुण होते. तिचे एक वर्ष नावाच्या रकान्यात गेले.

४. खंडाचा रकाना

शिक्षणात खंड असल्यास त्याचे कारण उमेदवाराने प्रतिज्ञापत्रावर द्यायचे असते. प्रत्यक्षात टंकलेखक किंवा ई-सेवा केंद्रचालक एक ठरलेले वाक्य घालून देतो : या कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही. हे वाक्य संपूर्णपणे नकारात्मक आहे. त्या काळात काय घडले नाही हे ते सांगते. काय घडले हे सांगत नाही.

आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) ही कृती या नकारात्मक वाक्याला दिलेले प्रदीर्घ उत्तर म्हणून वाचता येते. कागल परिसरातील शेतकरी कुटुंबातील हा मुलगा शाळेत जातो, वडील त्याला शेतीच्या कामासाठी शाळेतून काढतात, तो पुन्हा शाळेकडे धाव घेतो आणि पुन्हा ओढला जातो. मॅट्रिकपर्यंतचा हा सारा प्रवास म्हणजे खंडांची मालिका आहे. प्रशासनाच्या भाषेत पाहिले तर 'झोंबी'तील बराचसा भाग 'शैक्षणिक खंड' या सदराखाली जाईल. परंतु वाचक जाणतो की, मुलाचे खरे शिक्षण त्या खंडातही थांबलेले नाही. मोट, पाणी, गुरे, पिके, घरातील उपासमार, आईचे कष्ट, वडिलांचा संताप आणि त्या संतापामागची अगतिकता यांतून त्याला जी समज येते तीच पुढे त्याच्या लेखनाचे भांडवल ठरते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. खंडाचे उदात्तीकरण करणे हा अन्याय ठरेल. शेतात राबणारे मूल 'जीवनाच्या शाळेत' शिकत असते, हे वाक्य ज्यांची मुले राबत नाहीत त्यांच्या तोंडी सहज येते. यादवांनी असे उदात्तीकरण कोठेही केलेले नाही. शाळा सुटल्याचे दुःख त्यांच्या निवेदनात शेवटपर्यंत दुःखच राहते. म्हणून मुद्दा खंड चांगला की वाईट हा नाही. ज्या मुलांच्या शिक्षणात खंड पडण्याची शक्यता सर्वाधिक आहे, त्यांना शिकविण्यासाठी खंड अनुभवलेला शिक्षक काही एक विशेष जाण घेऊन येतो. आणि अर्ज त्या जाणिवेची नोंद केवळ उणीव म्हणून घेतो, हा मुद्दा आहे. कारखान्यातील तीन वर्षे आणि ओट्यावरचा वर्ग हे दोन्ही आमच्या विद्यार्थिनीच्या प्रतिज्ञापत्रात त्या एका नकारात्मक वाक्यात संपले.

५. जातीचा रकाना आणि फुले यांचे निवेदन

नाव आणि खंड या रकान्यांविषयी जी टीका करता येते तीच जातीच्या रकान्याविषयी करून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर ठरणार नाही. 'अक्करमाशी' वाचून जातीचा रकाना हा केवळ अपमानाचा रकाना वाटू शकतो. त्याच रकान्याचा दुसरा अर्थ समजण्यासाठी १८८२ कडे वळावे लागते.

विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाला महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून निवेदन सादर केले. त्यात प्राथमिक शिक्षकांविषयीचा त्यांचा विचार आजच्या प्रवेशपद्धतीच्या चर्चेत मध्यवर्ती ठरावा असा आहे. खेड्यातील शाळांवर नेमले जाणारे बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, शेतकऱ्यांच्या मुलांत ते मिसळत नाहीत आणि त्यांच्या गरजा त्यांना उमगत नाहीत, असे फुले यांचे निरीक्षण होते. म्हणून शिक्षक शक्यतो शेतकरी व कष्टकरी वर्गांतून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि त्यांना पुरेसे वेतन द्यावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक कोणत्या समाजातून येतो याचा तो काय शिकवितो आणि मुले त्याच्याकडून काय घेतात याच्याशी थेट संबंध आहे, हे तत्त्व त्यांनी येथे मांडले.

आजच्या अर्जातील प्रवर्गाचा रकाना ऐतिहासिकदृष्ट्या या मागणीच्या वाटेवरचा आहे. शिक्षण संस्थांतील राखीव जागा नसत्या तर कारेगावच्या खोल्यांतून शिक्षणशास्त्राच्या वर्गापर्यंत पोहोचणाऱ्या मुलींची संख्या किती राहिली असती, याची कल्पना करता येते. ज्या विद्यापीठाशी या भागातील महाविद्यालये संलग्न आहेत त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, हेही येथे आठवावे. तेव्हा हा रकाना काढून टाकावा अशी भूमिका प्रस्तुत लेखिकेची नाही.

टीका आहे ती रकान्याच्या प्रत्यक्ष व्यवहारावर. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांना कुटुंब कोठे राहत होते हे पाहिले जाते. गावात पिढ्यान्पिढ्या स्थिर असलेल्या कुटुंबाला ही अट फारशी जाचक नाही. स्थलांतरित कामगाराच्या मुलीला मात्र ज्या गावी ती कधी राहिलेली नाही तेथील तालुक्याच्या कचेरीत, आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यासाठी, खेपा घालाव्या लागतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर पुरावा आणखी मागे शोधावा लागतो. म्हणजे शिक्षणापासून वंचित राहिल्याबद्दल जी सवलत आहे, ती मिळविण्यासाठी पूर्वजाने शिक्षण घेतल्याचा कागद सर्वांत उपयोगी पडतो. बनावट दाखल्यांना आळा घालण्यासाठी पडताळणी हवीच. परंतु तिचा भार कोणावर किती पडतो, हे स्थलांतराचे वास्तव लक्षात घेऊन तपासले गेले पाहिजे.

थोडक्यात, फुले यांनी उमेदवाराच्या सामाजिक मुळाला शैक्षणिक मूल्य मानले होते. अर्जात ते मूळ केवळ जागावाटपाचा निकष म्हणून उरते. प्रवेश निश्चित झाल्यानंतर त्या अनुभवाचे वर्गात काय करायचे, याविषयी व्यवस्था मौन पाळते.

६. अभियोग्यता : चार पर्याय आणि 'बनगरवाडी'

उमेदवार शिकविण्यास योग्य आहे की नाही, हे पाहण्याचा प्रयत्न या साऱ्या प्रक्रियेत एकाच ठिकाणी होतो आणि तो सामाईक परीक्षेत. दोन वर्षांच्या बी. एड. साठीच्या या परीक्षेत ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवायचे असतात. त्यांत मानसिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० प्रश्न असतात. वर्गात अमुक प्रसंग उद्भवल्यास आपण काय कराल, असे विचारून चार पर्याय देणे हा अभियोग्यतेच्या प्रश्नांचा परिचित साचा आहे. थोड्या सरावाने उमेदवाराला कळते की, सर्वांत सौम्य आणि समजूतदार वाटणारा पर्याय सहसा बरोबर असतो. पर्याय ओळखता येणे आणि तसे वागता येणे यांत अंतर आहे, हे परीक्षा घेणारेही नाकारणार नाहीत.

या अंतराचे दर्शन व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) मध्ये घडते. औंध संस्थानातील माणदेशी धनगरांच्या वाडीवर तरुण राजाराम मास्तर म्हणून जातो तेव्हा त्याच्यापुढे पहिली अडचण येते ती वर्गात मुलेच नसण्याची. पोरे मेंढरांमागे जातात आणि शाळेची गरज वाडीला पटलेली नाही. शाळा सुरू होते ती कारभाऱ्याचा विश्वास मिळविल्यानंतर. मग मास्तर वाडीच्या नाना कामांत गुंततो, तालीम बांधण्याचा घाट घालतो आणि हळूहळू वाडीचा होतो. शेवटी दुष्काळ येतो, वाडी ओस पडते आणि मास्तरची बदली होते. 'विद्यार्थी शाळेत येत नाहीत, आपण काय कराल?' या प्रश्नाचे उत्तर द्यायला माडगूळकरांना एक कादंबरी लागली आणि ते उत्तरही अखेर दुष्काळापुढे टिकले नाही.

तथापि 'बनगरवाडी'कडे शिक्षकाचा आदर्श म्हणून पाहताना एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वाडीशी जडलेले मास्तरचे नाते जितके जिवंतपणे येते तितके त्याचे अध्यापन येत नाही. मुले अक्षरे कशी शिकली, कोण मागे राहिले, मास्तरने त्यासाठी काय केले, याविषयी कादंबरी थोडेच सांगते. चांगले मन असलेला माणूस आपोआप चांगला शिक्षक होतो, असा समज त्यातून होऊ शकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ ने शिक्षकाची किमान अर्हता ठरविली ती अशा समजावर मात करण्यासाठीच. राजारामला प्रशिक्षणाची गरज होती; आणि आजच्या प्रशिक्षणाला राजारामच्या त्या नात्याची गरज आहे. अभियोग्यता या शब्दात हे दोन्ही यायला हवे. ३० प्रश्नांत त्यांपैकी पहिले काही अंशी येते, दुसरे येत नाही.

अर्जांची ही मालिका बी. एड. नंतरही थांबत नाही, याचीही नोंद घ्यावी. महाराष्ट्रात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आणि २०१७ पासून शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निर्णयाने बी. एड. ही प्राथमिक स्तरावरील शिक्षकपदासाठीची अर्हता राहिली नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा आवश्यक ठरली. शिक्षकाने पुन्हा पुन्हा स्वतःला सिद्ध करायचे आहे. परंतु यांपैकी एकाही टप्प्यावर त्याला स्वतःविषयी सलग चार वाक्ये लिहायला सांगितले जात नाही.

७. एक आक्षेप आणि त्याचा विचार

यावर सहज सुचणारा उपाय असा की, अर्जासोबत उमेदवाराकडून स्वतःच्या शब्दांत निवेदन मागवावे किंवा मुलाखत घ्यावी. परदेशांतील अनेक विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांत असे निवेदन मागविले जाते. परंतु आपल्याकडील परिस्थितीत याला गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही.

पहिला आक्षेप पक्षपाताचा. 'अंतःस्फोट'मधील मुलाखती डोळ्यांपुढे ठेवल्या तर मुलाखत हे साधन कोणाच्या विरोधात वापरले जाऊ शकते हे वेगळे सांगावयास नको. केंद्रीभूत प्रक्रियेत उमेदवाराचा चेहरा दिसत नाही आणि हेच तिचे बलस्थान आहे. दुसरा आक्षेप बाजाराचा. महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला आणि त्यांतील बहुसंख्य संस्था मान्यतेस पात्र नसल्याचे आढळले. अशा पार्श्वभूमीवर संस्थांच्या हाती मूल्यमापनाचा ऐच्छिक अधिकार देणे धोक्याचे आहे. तिसरा आक्षेप भाषेचा. निवेदनाला गुण ठेवले की दुसऱ्याच दिवशी बाजारात तयार निवेदने मिळू लागतील, आणि ज्याच्या घरात लिहिण्याची परंपरा आहे त्याचे निवेदन अधिक सफाईदार असेल.

हे तिन्ही आक्षेप लेखिकेला मान्य आहेत. म्हणून निवेदनाला प्रवेशाच्या गुणवत्तेत स्थान देऊ नये, असेच तिचे मत आहे. परंतु वर्मा आयोगाने २०१२ च्या अहवालात प्रवेशपूर्व चाचणीची पारदर्शक पद्धत सुचविताना स्थानिक परिस्थितीतील वैविध्य लक्षात घेण्यास सांगितले होते. यादी पारदर्शक झाली. वैविध्य मात्र अर्जाबाहेर राहिले. ते आत आणण्याची जागा प्रवेशानंतरची असू शकते.

या जागेची तरतूद आधीपासूनच आहे. २०१४ च्या विनियमांतील बी. एड. अभ्यासक्रमात 'संहितांचे वाचन व चिंतन' आणि 'स्वतःला समजून घेणे' हे व्यावसायिक क्षमतावृद्धीचे दोन घटक अंतर्भूत आहेत. अनेक ठिकाणी ते ठराविक अहवाल आणि सजविलेल्या वह्यांपुरते उरतात. त्याऐवजी प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने एकच पान लिहावे : मी याआधी कोणाला काय शिकविले आणि माझे शिक्षण कोठे, का थांबले होते. या पानाला गुण नसावेत, त्याची भाषा कोणती असावी याचे बंधन नसावे आणि ते वर्गात वाचून दाखविण्याची सक्तीही नसावी. ज्यांना वाचावेसे वाटेल त्यांनी वाचावे. त्याच्या जोडीला 'झोंबी', 'अंतःस्फोट', 'अक्करमाशी' यांतील काही भाग आणि फुले यांचे निवेदन अभ्यासावे. शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक आणि मराठीचे प्राध्यापक यांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे. त्यासाठी नवीन शासन निर्णयाची गरज नाही.

८. समारोप

अर्ज आणि आत्मकथन यांच्या या तौलनिक वाचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. प्रवेश-अर्ज उमेदवाराचे कूळ, गाव आणि गुण यांची साक्षीपुराव्यानिशी नोंद करतो. शिकविण्याशी असलेल्या त्याच्या नात्याची नोंद करीत नाही.

२. नाव आणि खंड हे रकाने स्त्रिया, स्थलांतरित आणि कष्टकरी उमेदवारांवर इतरांपेक्षा अधिक भार टाकतात. विवाहोत्तर नावबदल आणि स्थलांतरितांचे जातीचे दाखले यांची पूर्तता प्रवेशाच्या वेळापत्रकाआधी, महाविद्यालयीन स्तरावरच करून घेण्याची व्यवस्था व्हावी. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थिनींसाठी हे काम कोणत्याही महाविद्यालयाला करता येईल.

३. जातीच्या रकान्याचा अर्थ 'अक्करमाशी' आणि फुले यांचे निवेदन एकत्र वाचल्याशिवाय पूर्ण होत नाही. तो अपमानाचा इतिहासही आहे आणि हक्काचे साधनही.

४. मराठी आत्मकथने ही अर्जातील मोकळ्या जागांची उत्तरे आहेत. मात्र त्यांचीही एक मर्यादा आहे. ती त्यांनी लिहिली आहेत जे अखेर पोहोचले. ज्यांचा अर्ज एका प्रमाणपत्रासाठी कायमचा अडला त्यांचे आत्मकथन आपल्यापाशी नाही. समीक्षेने यशाच्या या एकतर्फी नोंदीचेही भान ठेवले पाहिजे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने पुढील वर्षी पुन्हा परीक्षा दिली, विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडले आणि तिला प्रवेश मिळाला. ओट्यावरच्या वर्गाविषयी तिला कोणी विचारले का, असे मी अलीकडे तिला विचारले. तिने नाही म्हणून सांगितले. मग मी तिला ते एक पान लिहून आणावयास सांगितले. तिने दोन आणली. दुसऱ्या पानावर तिने केवळ त्या मुलांची नावे लिहिली होती, आणि प्रत्येकापुढे त्याला मराठीतील कोणता शब्द सर्वांत अवघड गेला होता ते.